पोटमाळ्याचा भाव

मुंबई महापालिकेच्या विकास नियंत्रण नियमावलीत ‘लॉफ्ट’ची व्याख्या दिलेली आहे. दोन मजल्यांच्या मधली सामान ठेवायची जागा, आतली उंची जास्तीत जास्त दीड मीटर. म्हणजे पाच फुटांच्याही खाली. मध्यम उंचीचा माणूस तिथं ताठ उभा राहिला तर डोक्याला टेंगूळ ठरलेलं. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना ही व्याख्या कुणी समजावून सांगायला नको. पोटमाळ्यावर गाद्या, गणपतीचं मखर, गावाहून आलेलं तांदळाचं पोतं आणि रात्रपाळी करून आलेला एखादा काका, एवढ्यांची सोय व्हायची.

२०१३च्या दसऱ्याला माझ्या मेहुण्यानं लोअर परळला घर बुक केलं, त्याच्या ब्रोशरवरही हाच शब्द होता. लॉफ्ट. फक्त इथं दिवाणखाना एकोणीस फूट उंच होता. एका बाजूला अख्खी काचेची भिंत, आतून काळा लोखंडी जिना आणि जिन्याच्या वर, भिंतीला धरून अधांतरी ठेवल्यासारखी झोपायची जागा. ब्रोशरमधल्या चित्रात तिथं एक गोरा तरुण अनवाणी बसून गिटार वाजवत होता. मेहुणा कोल्हापूरचा, जाहिरात कंपनीत मोठ्या पगारावर. त्याला गिटार येत नाही. पण चित्र आवडलं. करारातली किंमत ४ कोटी. मुद्रांक शुल्क ५ टक्के, सेवाकर, व्हॅट, नोंदणी धरून वरचे साधारण ३९ लाख. ताबा २०१६ला मिळाला आणि २०१८च्या पावसाळ्यात त्यानं घर विकायला काढलं. दुसरं मूल झालं होतं आणि कोल्हापूरहून आई कायमची राहायला आली होती. त्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीनंतर तिचे गुडघे ‘नको’ म्हणायचे.

घर विकलं गेलं २०२०च्या डिसेंबरात. मधली अडीच वर्षं मी त्याच्याबरोबर एजंटांच्या दुकानांत, बँकेत, सीएकडे आणि शेवटी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हिंडलो. तेजीत भाव कसा चढतो हे आपल्याला तोंडपाठ असतं. गिऱ्हाईक नसताना घराची किंमत कशी ठरते, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

*

लॉफ्ट ही मुळात कारखान्याची उरलेली पोकळी. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कपड्यांचे आणि छपाईचे कारखाने बंद पडले, तेव्हा बिडाच्या खांबांवरच्या त्या उंच, मोकळ्या मजल्यांवर चित्रकार-शिल्पकार जाऊन राहिले. भाडं कमी होतं, उजेड भरपूर होता, न्हाणीघराची मात्र बोंब. शहरानं १९७१मध्ये कलावंतांच्या तिथल्या राहण्याला मान्यता दिली आणि १९८२मध्ये न्यूयॉर्क राज्यानं अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा ‘लॉफ्ट लॉ’ केला. पुढे तेच मजले शहरातल्या महागड्या घरांत जाऊन बसले.

त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ला, मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. इथंही कारखाने बंद पडले, इथंही पोकळ्या उरल्या. करवतीच्या दात्यांसारखी छपरं, उत्तरेचा उजेड, दणकट खांब, सगळं होतं. पण आपल्याकडे त्या पोकळीत माणसं राहायला गेली नाहीत. काही कंपाउंडांत कचेऱ्या, स्टुडिओ, हॉटेलं आणि बार गेले. डिसेंबर २०१७मध्ये कमला मिल कंपाउंडातल्या आगीत १४ जण मेले, तेव्हा अशा जागा कशा वापरल्या जातात हे सगळ्यांना दिसलं. बाकीच्या गिरण्या पाडल्या आणि त्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. म्हणजे खरा लॉफ्ट आपण जमीनदोस्त केला आणि मग सिमेंटमध्ये त्याची प्रतिकृती करून चार कोटींना विकली. मेहुण्याच्या दिवाणखान्यातली एक भिंत उघड्या विटांची होती. जवळून पाहिलं तर ती विटांच्या रंगाची टाइल होती.

जमिनीचा हिशेब इथं सांगायलाच हवा, कारण मंदीतही भाव खाली का येत नाही याचं मूळ त्यात आहे. १९९१च्या नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम सांगत होता की गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे करा. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीत मोकळी जमीन असते किती? उच्च न्यायालयानं २००५मध्ये हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००६मध्ये मात्र तोच अर्थ कायम केला. त्याच सुमारास राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं आपल्या गिरण्या लिलावात काढल्या होत्या. मुंबई टेक्स्टाइल मिलची सतराएक एकर जमीन २००५मध्ये डीएलएफनं ७०२ कोटींना घेतली. २०१२मध्ये तीच जमीन लोढा समूहानं सुमारे २,७०० कोटींना घेतली. सात वर्षांत तिथं एकही इमारत पूर्ण झालेली नव्हती.

या दोन आकड्यांमधला फरक शेवटी कुणाच्या तरी चौरस फुटात जाऊन बसतो. सार्वजनिक मालकीच्या जमिनी जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला विकायच्या आणि मग घरं महाग झाली म्हणून सरकारी समित्या नेमायच्या, हा आपला धंदा मला कधी उमगलेला नाही. पण बिल्डरच्या बाजूनं पाहिलं तर त्याची अडचण खरी असते. इतक्या भावाची जमीन, त्यावर व्याज, त्यावर परवानग्यांचं अधिमूल्य. मंदी आली म्हणून तो रेटकार्डावरचा आकडा कमी करायला गेला, तर आधी घेतलेले लोक दारात येतात, कर्ज देणारी संस्था तारणाचं मूल्य पुन्हा काढायला सांगते आणि उरलेल्या फ्लॅटांचा भाव एका दिवसात बसतो. म्हणून रेटकार्ड हलत नाही. हलतं ते बाकीचं सगळं.

*

डिलाईल रोडवर एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आमच्या एजंटचं दुकान होतं. माणूस सिंधुदुर्गातला, वीस वर्षं याच धंद्यात. भिंतीवर साईबाबा, टेबलावर काचेखाली टॉवरांचे नकाशे. पहिल्याच भेटीत मेहुण्यानं अपेक्षा सांगितली, पावणेपाच कोटी. एजंटनं वाद घातला नाही. त्यानं विचारलं, “तुमच्याच टॉवरमध्ये बिल्डरकडे किती माल शिल्लक आहे, माहीत आहे साहेब?”

चौदा फ्लॅट होते. ताबा सुरू होऊन दोन वर्षं झाली तरी न विकलेले. म्हणजे मेहुण्याच्या घराचा पहिला स्पर्धक त्याच्याच लिफ्टमध्ये होता. बिल्डरचा सेल्समन गिऱ्हाइकाला कॉफी देत होता, नमुना फ्लॅट दाखवत होता, ‘स्टॅम्प ड्युटी आमची’ म्हणत होता. वर मॉड्युलर किचन, एसी, जादा पार्किंग, फ्लोअर राइज म्हणजे वरच्या मजल्याचा जादा भाव माफ. हे सगळं पैशात मोडलं तर भावात दहा-बारा टक्क्यांची सूट सहज होते. पण करारावर जुनाच भाव लिहिला जातो. त्या आधीची काही वर्षं ‘२० टक्के आता, ८० टक्के ताब्याला’ हीही टूम चालली. बिल्डर ताब्यापर्यंतचं व्याज भरणार, कर्ज मात्र गिऱ्हाइकाच्या नावावर. रिझर्व्ह बँकेनं २०१३मध्येच बँकांना त्याबद्दल सावध केलं होतं. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनं जुलै २०१९मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं.

जुन्या मालकाकडे, म्हणजे रीसेलवाल्याकडे, यातलं एकही हत्यार नसतं. त्याच्याकडे एकच आकडा आणि तो उघडा. त्यामुळे मंदीत खरा भाव कुणाच्या तोंडून कळतो, तर रीसेलवाल्याच्या. बिल्डरची सूट पडद्याआड आणि त्याची सूट चव्हाट्यावर. शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ मेहुण्याला लिफ्टमध्ये गाठून म्हणाले, “तुम्ही सव्वाचारला काढलाय म्हणे. असं नका करू, आमचाही भाव पडतो.” त्यांचा फ्लॅट विकायचा नव्हता. तरीही त्यांचं नुकसान झालं होतं.

वेळही वाईट होती. नोटाबंदीचा घाव अजून भरला नव्हता आणि तो घाव बिल्डरपेक्षा रीसेलला जास्त लागला होता, हे बाहेर फारसं बोललं जात नाही. नव्या फ्लॅटाचा व्यवहार एव्हाना बराचसा चेकनं होत होता. जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीत मात्र ‘काही व्हाइट, काही रोख’ ही पिढ्यानपिढ्यांची रीत. विकणारा रोख घेऊन पुढच्या घरात रोख घालायचा. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री ती साखळी तुटली. पुढच्या वर्षी १ मेपासून महारेरा, १ जुलैपासून जीएसटी. सप्टेंबर २०१८मध्ये आयएल अँड एफएसनं कर्जफेड चुकवली आणि बिगरबँक वित्तसंस्थांचा पैसा आटला. २०१९मध्ये डीएचएफएल ही गृहवित्त कंपनी कोसळली. याच काळात, वरळीला श्रीराम मिलच्या जागेवर कित्येक वर्षं अर्धवट उभा असलेला पॅलेस रोयाल टॉवर कर्जवसुलीच्या लिलावात ७०५ कोटींना गेला. आणि आमच्या बाबतीत भर म्हणून, जुलै २०१८मध्ये लोअर परळचा डिलाईल पूल धोकादायक ठरवून बंद केला. तो पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. ब्रोशरमध्ये ‘स्टेशनपासून सात मिनिटं’ छापलं होतं. घर बघायला येणारे गाडीतच चाळीस मिनिटं घालवून वर यायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावरून भाव आधीच उतरलेला असायचा.

एजंट लोक या भागाला ‘अप्पर वरळी’ म्हणतात. पूल बंद झाल्यावर ते पुन्हा लोअर परळ झालं.

*

आता लॉफ्टविषयी. साधा दोन बेडरूमचा फ्लॅटही त्या काळात खपत नव्हता. पण लॉफ्ट न खपण्याची तऱ्हा वेगळी होती.

लोक यायचे, दारातून आत पाऊल टाकायचे आणि ‘वा!’ म्हणायचे. प्रत्येक जण म्हणाला. पाच मिनिटांनी प्रश्न सुरू व्हायचे. देवघर कुठं करायचं? जिन्याखाली? छे. वरच्या बेडरूमला दार नाही का? नाही, ती खुली आहे. मग सासू-सासरे आले की? फोडणीचा वास वर जातो का? जातो. एकोणीस फुटांवरचा पंखा कसा पुसता? मेहुण्याची बायको हसून सांगायची, “पुसत नाही.” एका वास्तुवाल्या गृहस्थांनी होकायंत्र काढलं आणि जिना ब्रह्मस्थानात येतो म्हणून ते पाणीही न पिता गेले. मे महिन्यात पश्चिमेची काच तापायची आणि एवढी हवा थंड करायला दोन एसी दिवसभर चालायचे. विजेचं बिल विचारणारा पहिला माणूस आला, तेव्हा मेहुण्याला कळून चुकलं की आता गिऱ्हाईक बदललं आहे.

तेजीत अशी घरं घेणारे दोघे. एक, गुंतवणूकदार. त्याला राहायचं नसतं, त्यामुळे देवघर लागत नाही. दुसरा, मेहुण्यासारखा तिशीतला, चांगल्या पगाराचा, स्वतःविषयी एक चित्र मनात असलेला. मंदीत गुंतवणूकदार स्वतःच विकणाऱ्यांच्या रांगेत येतो आणि तिशीतला माणूस नोकरीकडे डोळे लावून बसतो. उरतं ते कुटुंब. ते खोल्या मोजतं. मेहुण्याच्या घरात कार्पेट ९०० चौरस फूट होतं, पण दार लावता येईल अशी झोपायची खोली एकच. शेजारच्या साध्या इमारतीत तेवढ्याच कार्पेटमध्ये अडीच खोल्या निघत होत्या. हौसेला जो जादा भाव दिला होता, तो सर्वांत आधी गेला. नुसता गेला नाही, तर उलटा झाला. साध्या फ्लॅटापेक्षा लॉफ्टला कमी भाव सांगितला जाऊ लागला.

खरा दणका बँकेच्या व्हॅल्युअरनं दिला. पहिलं पक्कं गिऱ्हाईक मिळालं २०१९च्या मार्चमध्ये, ४ कोटी १० लाखांना. टोकन झालं. व्हॅल्युअर टेप घेऊन आला, शांतपणे मापं घेतली आणि लोखंडी जिन्यापाशी थांबला. वरची १८० चौरस फुटांची जागा मंजूर नकाशात दाखवा, म्हणाला. ती नव्हती. ब्रोशरमध्ये १,०८० फूट होते, करारात ९००. वरचा मजला बिल्डरच्याच माणसानं भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर ‘फिटआउट’ म्हणून बसवून दिला होता. नियम सरळ आहे. दिवाणखाना अमुक उंचीपेक्षा उंच केला तर जादा एफएसआय, म्हणजे बांधकामाचं क्षेत्र, मोजला जातो. मधला मजला टाकला तर तोही मोजला जातो. आणि न मोजता टाकला तर तो कागदावर नसतोच. घर घेताना मेहुण्यानं मनात हिशेब केला होता, फुटाला ३७ हजार पडले. कागदाप्रमाणे ते ४४ हजार होते. सात हजारांचा फरक हवेत होता, अगदी शब्दशः.

बँकेनं मूल्य काढलं ९०० फुटांवर. ७५ लाखांच्या पुढच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. मूल्यच कमी निघालं, म्हणजे गिऱ्हाइकाला खिशातून जास्त घालावे लागणार. त्यानं टोकन परत मागितलं. आम्ही दिलं.

मुंबईत हा प्रकार फक्त गुळगुळीत टॉवरांपुरता नाही, म्हणून सांगतो. दादरपासून बोरिवलीपर्यंत हजारो ‘जोडी फ्लॅट’ आहेत. शेजारचे दोन घेतले, मधली भिंत काढली. किंवा वर-खाली घेतले आणि स्लॅब फोडून जिना टाकला. राहायला उत्तम. विकायला काढलं की दोन करार, दोन शेअर सर्टिफिकेटं, दोन वीजमीटर, आणि एकत्रीकरणाची महापालिकेची परवानगी कुठं आहे हा प्रश्न. तेजीत एजंट ‘होऊन जाईल’ म्हणतो. मंदीत गिऱ्हाइकाला घाई नसते आणि त्याचा वकील एकेक कागद वाचतो. ज्याचा मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर एकसारखं आहे, त्याचं घर कंटाळवाणं असेल, पण त्याचा भाव टिकतो.

*

२०१९च्या दिवाळीत मेहुणा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दाजी, साडेतीनला देऊन टाकतो. सुटतो एकदाचा.” मी त्याला सीएकडे नेलं. तिथं कळलं की आपल्या राज्यात घर फार स्वस्त विकण्याचीही मुभा नाही.

मुद्रांक विभागाचा दरवर्षीचा बाजारमूल्य दर तक्ता, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, तो भावाखालची जमीन असतो. करारात काहीही लिहा, मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि तक्त्यातलं मूल्य यांतल्या जास्तीच्या रकमेवर लागतं. ते एक वेळ ठीक. पण आयकर खातंही त्याच तक्त्याकडे बघतं. समजा तक्त्याप्रमाणे मूल्य ४ कोटी आणि विकलं साडेतीनला. तर विकणाऱ्याला ४ कोटी मिळाले असं धरून भांडवली नफा मोजणार आणि घेणाऱ्याला ५० लाख रुपयांचं ‘अन्य उत्पन्न’ झालं असं समजून त्याच्याकडून कर घेणार. २०१८पासून यात ५ टक्क्यांची सवड मिळाली, २०२०-२१पासून १० टक्क्यांची. साडेतीन कोटींवर १० टक्के म्हणजे ३५ लाख. फरक ५० लाखांचा, म्हणून सवड लागू नाही. भाव खरोखर पडलेला असू शकतो, हे गृहीतच नाही. हा तक्ता मुंबईत कित्येक वर्षं चढतच गेला. २०१८ आणि २०१९ला तो जागीच राहिला आणि सप्टेंबर २०२०मध्ये सरासरी ०.६ टक्क्यांनी खाली आला. बाजार किती घसरला होता हे ज्यांनी घर विकायचा प्रयत्न केला त्यांना विचारा.

पुढे विक्रीच्या वर्षी सीएनं आणखी एक आकडा काढून दाखवला. महागाई निर्देशांक २०१३-१४चा २२०, २०२०-२१चा ३०१. म्हणजे २०१३च्या ४ कोटींची बरोबरी करायला ५ कोटी ४७ लाख मिळायला हवे होते. त्याच्या खाली जे काही मिळेल तो तेव्हाच्या नियमानं तोटा. तो तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण दुसरी एखादी मालमत्ता किंवा शेअर विकून दीर्घकालीन नफा झाला तर त्यातूनच वळता होतो. “तोटा जपून ठेवा,” असं सीए म्हणाले. मेहुण्याला त्यात काही विनोद दिसला नाही. २ कोटींच्या कर्जावर सव्वादहा टक्क्यांनी सुरू झालेला जवळजवळ १ लाख ९६ हजारांचा हप्ता, आणि व्याजापोटी गेलेली एक कोटीच्या पुढची रक्कम, हे निर्देशांकात कुठंच नव्हतं. तसलाच फ्लॅट तेव्हा महिना लाखभर रुपये भाड्यानं मिळत होता.

मुंबईतला भाव पडत नाही, असं म्हणतात. माझं मत असं झालं आहे की तो पडतो, फक्त वर्षांत पडतो. आकडा तोच राहतो आणि वर्षं निघून जातात. सात वर्षांनी तेवढेच पैसे हातात आले की ‘निदान तोटा तरी नाही’ म्हणून माणूस पेढे वाटतो.

*

शेवटी घर विकलं गेलं ते बाजार सुधारला म्हणून नव्हे, मुदत आली म्हणून. टाळेबंदीत एप्रिल २०२०मध्ये मुंबईतली दस्तनोंदणी जवळजवळ शून्यावर गेली होती. राज्य सरकारनं १ सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्के केलं, ३१ डिसेंबरपर्यंत. पुढचे तीन महिने ३ टक्के. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता आणि गृहकर्ज ७ टक्क्यांच्या खाली मिळत होतं. शिवाय घरात कोंडलेल्या लोकांना अचानक आणखी एक खोली हवी झाली. आणि गंमत म्हणजे आमच्या त्या अधांतरी १८० फुटांना पहिल्यांदाच उपयोग सापडला. नोव्हेंबरात आलेलं जोडपं, दोघंही घरून काम करणारं, वर चढलं, लॅपटॉप ठेवून पाहिला, नेटवर्क तपासलं. बाई म्हणाल्या, “वरती ऑफिस.” देवघराचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

तरी भाव त्यांनी ९०० फुटांवरच केला. ३ कोटी ९० लाख. २ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ७ लाख ८० हजार. ५ टक्क्यांनी साडेएकोणीस लाख झाले असते. हे वाचलेले जवळजवळ पावणेबारा लाखच व्यवहार घडवून गेले, कारण तेवढ्याच रकमेवर दोन आठवडे घासाघीस अडली होती. एजंटनं आपला एक टक्का घेतला. त्या वेळी तो म्हणाला, “साहेब, सरकारनं सूट दिली म्हणून तुमचं घर गेलं. बिल्डर नेहमी देतो ती सूट एकदा सरकारनं दिली, एवढंच.”

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर जी गर्दी पाहिली, ती मी विसरणार नाही. मास्क, सॅनिटायझर, टोकन नंबर, छत्र्यांखाली बसलेले वकील, जिन्यावर बसलेल्या म्हाताऱ्या सहविक्रेत्या, सर्व्हर बंद पडला की उठणारा गलका. त्या एका महिन्यात मुंबईत साडेएकोणीस हजारांहून अधिक दस्त नोंदवले गेले. शुल्क डिसेंबरात भरलं तर नोंदणीला चार महिने मिळत होते, तरी लोक थांबायला तयार नव्हते. आमचा अंगठा संध्याकाळी सातला लागला.

त्या आधी, मार्च २०२०मध्ये, म्हाडानं गिरणी कामगारांसाठी ३,८९४ घरांची सोडत काढली होती. त्यातली ५४४ घरं श्रीनिवास मिलच्या जागेवरची. किंमत साडेनऊ लाख, क्षेत्रफळ २२५ चौरस फूट. त्याच श्रीनिवास मिलच्या जमिनीवर वर्ल्ड वन उभा आहे. २०१०मध्ये जाहीर झाला तेव्हा तो ४४२ मीटर उंच होणार होता. विमानतळ प्राधिकरणाची परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरवर, ७६ मजल्यांवर थांबला. एकाच गिरणीच्या पोटात दोन भाव. साडेनऊ लाखांचं घर ठरावीक वर्षं विकायला सरकारी मनाई. वरच्या कोट्यवधींच्या घराला मनाई कुणाचीच नाही, पण त्या पाच-सात वर्षांत तिथल्याही कित्येक मालकांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं. माझ्या माहितीतला एक निवृत्त कामगार सोडतीत नाव लागल्यावर सगळ्यात आधी काय बघायला गेला, तर पोटमाळा टाकता येईल का ते.

२०२१नंतर वारं फिरलं. वरळी-परळचे भाव चढले आणि तोच लॉफ्ट आज कितीला जाईल हे मेहुण्याला कुणी ना कुणी लग्नाकार्यात भेटलं की सांगतं. तो ऐकून घेतो. वारं पुन्हा फिरेल तेव्हा रीसेलवाल्याची गत तीच होणार, कारण त्याच्यासाठी काहीच बदललेलं नाही. तक्ता तसाच आहे, बिल्डरचा न विकलेला माल तसाच वरच्या मजल्यावर बसून आहे आणि ब्रोशरमधले फूट करारात येताना अजूनही गळतात.

घर बघत असाल तर रेटकार्ड हातात घेण्याआधी एक काम करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची फुकट सोय आहे. त्या इमारतीत गेल्या दोन वर्षांत झालेल्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, काढा आणि कितीला गेलं, किती फुटांचं गेलं ते लिहून घ्या. मग मंजूर नकाशाची प्रत मागा आणि टेप घेऊन जा. मेहुणा आता त्या टॉवरच्याच रस्त्यावर भाड्यानं राहतो. तीन खोल्या, प्रत्येकीला दार, छत साडेनऊ फुटांवर. आईचं देवघर हॉलमध्ये पूर्वेच्या भिंतीला आहे.